मधुमेहांतील धोक्याची घटका

मधुमेह हा शब्द आज आपल्या घराघरांत इतका रुळला आहे कीं, त्याची भीतीच उरलेली नाहीं. लग्नकार्यांत पंगतीला बसलेले वडीलधारे गृहस्थ "आम्हांला जरा साखर आहे हो," असें म्हणत म्हणतच जिलबीसाठीं पान पुढें करतात, आणि वाढणाराहि हंसून एकीऐवजीं दोन वाढतो. रोग जुना झाला म्हणजे तो घरच्या माणसासारखा वाटूं लागतो. त्याची थट्टाहि चालते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें आपल्या देशांत मधुमेह्यांची संख्या १० कोटींहून अधिक असून प्रौढ माणसांत हें प्रमाण शेकडा ११ च्या वर आहे. म्हणजे वसई-विरारच्या कोणत्याहि आळींत वा इमारतींत चार बिऱ्हाडें एकत्र नांदत असलीं, तर त्यांत एक तरी मधुमेही बहुधा निघावयाचाच.

या रोगानें डोळे अधू होतात, मूत्रपिंडें निकामी होतात, पायांची संवेदना जाते, हृदयाला अपाय होतो, हें सुशिक्षित वाचकांनीं पुष्कळ वेळां वाचलेलें असतें. हे अपाय वर्षानुवर्षें मुंगीच्या पावलानें येतात. पण याच रोगाचें आणखी एक रूप आहे. त्यांत रक्तांतील साखर अफाट वाढते, आणि चांगला हिंडता-फिरता माणूस कांहीं दिवसांत, प्रसंगीं कांहीं तासांतच, बेशुद्ध होतो. या दुसऱ्या रूपाविषयीं घरोघरीं फारच थोडी माहिती असते, आणि जी असते तींत चुकीच्या समजुतींचा भरणा असतो. वास्तविक ही अवस्था प्रथम ओळखावयाची असते ती डॉक्टरानें नव्हे, तर उशाशीं बसलेल्या सुनेनें, मुलानें, नातवानें. म्हणून हा लेख आम्ही रोग्याइतकाच त्याच्या कुटुंबासाठीं लिहीत आहों.

हा रोग आपल्याकडे नवा नाहीं. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितलेले आहेत, आणि मधुमेह हा त्यांतील असाध्य प्रकारांत गणलेला आहे. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात, हें निरीक्षणहि आपल्या प्राचीन वैद्यांनीं नोंदवून ठेवलें आहे. सुश्रुतानें तर प्रमेह्यांचे दोन वर्ग केले: एक सहज, म्हणजे जन्मतः येणारा, दुसरा अपथ्यानें जडणारा. पहिल्या वर्गांतील रोगी कृश, रुक्ष, अल्पाहारी आणि सदा तहानेला. दुसऱ्या वर्गांतील स्थूल, बहुभोजी आणि शय्या, आसन व निद्रा यांत सुख मानणारा. आजचें वैद्यक पहिल्या व दुसऱ्या प्रकारचा मधुमेह असा जो भेद करतें, त्याच्याशीं हें वर्णन पुष्कळ अंशीं जुळतें. उपचार न केल्यास सर्वच प्रमेह कालांतरानें मधुमेहाच्या थराला जाऊन असाध्य होतात, असेंहि सुश्रुत बजावतो.

मात्र 'आम्ही कांहीं लठ्ठ नाहीं, तेव्हां आम्हांला भय नाहीं' असें समाधान कोणीं मानूं नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतील गर्भवती स्त्रिया व त्यांचीं मुलें यांचा अभ्यास १९९३ पासून चालविला. त्यांना असें आढळलें कीं, आपलीं नवजात बालकें विलायतेंतील बालकांहून वजनानें बरींच हलकीं असलीं, तरी त्यांच्या अंगीं चरबीचें प्रमाण त्या मानानें अधिक असतें. सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसांतहि हा रोग इतका कां बोकाळतो, याचा एक धागा येथें सांपडतो.

आतां रक्तांतील साखर फार वाढते म्हणजे नेमकें काय होतें, तें पाहूं. मोठ्या माणसाच्या शरीरांत सुमारें ५ लिटर रक्त असतें. निरोगी माणसाच्या रक्तांत, सकाळीं उपाशीपोटीं, दर डेसिलिटरमागें १०० मिलिग्रॅमहून कमी साखर असते. हिशेब केला तर साऱ्या रक्तांत मिळून फार तर ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा, एवढीच ती भरते! उपाशीपोटीं हा आंकडा १२६ वा अधिक निघाला, आणि पुनः तपासणी करूनहि तसाच राहिला, तर मधुमेह ठरतो. आंकडा ६०० वर गेला म्हणजे त्याच रक्तांत सहा चमचे साखर विरघळलेली असते.

ही साखर पेशींत शिरावयाची तर इन्शुलीन नांवाच्या रसाची किल्ली लागते. किल्ली नसली, वा कुलूप गंजलें, तर साखर दाराबाहेरच साचते आणि आंत पेशी उपाशी राहतात. उशाला धरण आणि घशाला कोरड, असाच हा प्रकार. रक्तांतील साखर साधारणतः १८० च्या पलीकडे गेली कीं मूत्रपिंडांना ती सगळी अडवून धरतां येत नाहीं. ती मूत्रावाटे वाहूं लागते आणि जातां जातां शरीरांतील पाणीहि ओढून नेते. म्हणून वारंवार लघवीला होतें, म्हणून तहान लागते. पाणी गेल्यानें रक्त अधिक दाट होतें, त्यांतील साखरेचा आंकडा आणखी चढतो, आणि चक्र सुरू होतें. याची परिणति दोन प्रकारांनीं होते.

पहिला प्रकार मुख्यत्वेंकरून ज्यांच्या शरीरांत इन्शुलीन जवळजवळ नसतेंच अशा रोग्यांत, विशेषतः मुलांत व तरुणांत, दिसतो. साखर वापरतां येत नाहीं म्हणून शरीर आपली चरबी जाळूं लागतें. त्या ज्वलनांतून किटोन नांवाचीं आम्लद्रव्यें निर्माण होऊन रक्त आम्ल बनतें. रोग्याला मळमळतें, वांत्या होतात, पोटांत दुखतें, श्वास खोल व जलद चालतो, आणि तोंडाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येतो. या खोल श्वासाचें वर्णन जर्मन वैद्य कुस्मॉल यांनीं १८७४ सालीं केलें, म्हणून तो त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. येथें एक गोष्ट आईबापांनीं ध्यानीं धरावी. कित्येक मुलांत मधुमेह आहे हें या संकटांतच प्रथम कळतें. मूल कांहीं आठवडे वाळत चाललेलें असतें, रात्रीं उठून पाणी पितें, सुटलेली अंथरुण ओलें करण्याची संवय पुनः लागते. आपण त्याला अभ्यासाचा ताण म्हणतों, कृमि म्हणतों, दृष्ट काढतों! मग एके दिवशीं पोटदुखी व वांत्या सुरू होतात आणि तें अजीर्ण समजून ओवा दिला जातो. अशा मुलाच्या बोटाचा रक्ताचा एक थेंब तपासावयाला एक मिनिटहि लागत नाहीं.

दुसरा प्रकार म्हाताऱ्या माणसांचा. त्यांच्या शरीरांत थोडेंफार इन्शुलीन शिल्लक असतें. त्यामुळें किटोन फारसे होत नाहींत, वांत्या किंवा धाप यांचा गाजावाजा नसतो. पण साखर मात्र चढत चढत ६०० च्या वर, कधीं कधीं १००० च्याहि वर जाते, आणि शरीर कोरडें पडतें. मोठ्या माणसाच्या शरीरांतून या अवस्थेंत ८-९ लिटरपर्यंत पाणी गेलेलें असतें. हें सर्व कांहीं दिवस, प्रसंगीं कांहीं आठवडे, गुपचूप चाललेलें असतें. आजोबा नेहमींपेक्षां अधिक झोपतात, नातवंडांचीं नांवें चुकवितात, बोलणें असंबद्ध होतें. घरांतील मंडळी म्हणतात, "वय झालें आतां, पडूं द्या त्यांना स्वस्थ." आणि ही स्वस्थताच घात करते. या अवस्थेंत रुग्णालयांत पोंचलेल्यांपैकींहि दहांतून एक-दोन दगावतात, असें वैद्यकीय ग्रंथ सांगतात. वेळेवर पोंचलेला रोगी मात्र शिरेवाटे दिलेलें पाणी, क्षार आणि इन्शुलीन यांनीं पुष्कळदां पूर्ण शुद्धीवर येतो. फरक पडतो तो घरीं गेलेल्या वेळेनें.

मग हें संकट ओढवतें कशानें? गोडधोड खाण्यानें, असें सामान्य उत्तर मिळेल. तें खोटें नव्हे, पण अपुरें आहे. पुष्कळ वेळां मूळ कारण दुसरें एखादें दुखणें असतें: न्यूमोनिया, लघवीच्या मार्गाचा दाह, पायाची चिघळलेली जखम, हृदयविकाराचा झटका. शरीरावर संकट आलें कीं तें आपण होऊन साखर वाढवितें. रोग्यानें अन्नाचा कण घेतला नाहीं तरी यकृत साखर तयार करीतच असतें. आपल्या घरांतून होणारी सर्वांत घातक चूक येथेंच होते. "आज ते जेवलेच नाहींत, मग सुई कशाला?" हा प्रश्न वरवर पाहतां किती तर्कशुद्ध वाटतो! पण ज्या दिवशीं ताप आहे, अन्न जात नाहीं, त्याच दिवशीं शरीराला इन्शुलिनाची गरज पुष्कळदां वाढलेली असते. मात्रा किती घ्यावी हें डॉक्टरांना विचारावें. परंतु आपल्या मनानें सुई मुळींच बंद करूं नये.

दुसरें मोठें कारण स्टेरॉइड वर्गाच्या औषधांचें. २०२० व २०२१ या करोनाच्या वर्षांत तीं आवश्यक तेथें अनेकांचे प्राण वाचविण्यास उपयोगी पडलीं. पण त्यांनीं रक्तांतील साखर भराभर वाढते. २०२१ च्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रांत म्युकरमायकोसिस नांवाच्या काळ्या बुरशीच्या रोगानें जो हाहाकार उडविला, त्याचे बहुसंख्य बळी हे साखर ताब्यांत नसलेले मधुमेहीच होते. हवेंत सर्वत्र असणारी ही बुरशी निरोगी माणसाचें कांहीं बिघडवीत नाहीं. साखर फार वाढलेल्या व आम्ल झालेल्या रक्तांत मात्र ती फोफावते आणि नाक, डोळे व मेंदू यांपर्यंत शिरते. कित्येकांचे डोळे, कित्येकांचे जबडे काढावे लागले. तेव्हां सांधेदुखी, दमा वा त्वचारोग यांसाठीं कोणी स्टेरॉइड दिलें, तर आपल्याला मधुमेह आहे हें आधीं सांगावें, आणि तीं औषधें चालू असतां साखर नित्य तपासावी. ओळखीच्या माणसानें आणून दिलेल्या 'हमखास गुण येणाऱ्या' निनांवी पुड्यांतहि हींच द्रव्यें लपलेलीं असूं शकतात.

आमच्या वसई प्रांताच्या कांहीं खास अडचणी आहेत. हा केळींच्या बागांचा मुलूख. आगाशी-वसईकडील सुकेळीं पाहुण्याच्या हातावर ठेवण्याची आपली जुनी रीत. परंतु केळें सुकलें म्हणजे त्यांतील पाणी तेवढें जातें, साखर सारी मागें उरते. मूठभर सुकेळीं म्हणजे पुरती केळींच होत, हें विसरूं नये. चातुर्मासांतील उपासांचेंहि तसेंच. दिवसभर पोट रिकामें ठेवून रात्रीं साबुदाण्याची खिचडी, रताळीं आणि वऱ्याचे तांदूळ यांवर ताव मारणें हा मधुमेह्याचा उपास नव्हे. दिवसां साखर फार उतरण्याचें भय आणि रात्रीं ती चढण्याचें. व्रताचें मर्म संयमांत आहे, आणि आजाऱ्याला व्रतांतून सवलत देण्यास आपलें शास्त्र कधींच कृपण नव्हतें.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. जुलै २०१८ मध्यें वसई-विरार भागांत पावसानें जी दैना उडविली ती येथील कोणीहि विसरलेला नसेल. रेल्वेचे रूळ पाण्याखालीं गेले, वस्त्यांत पाणी शिरलें, वीज गेली. अशा वेळीं ज्या घरांत इन्शुलीन आहे त्या घरानें काय करावें? न उघडलेलें इन्शुलीन २ ते ८ अंश उष्णतेंत ठेवावें लागतें; वापरांत असलेली कुपी मात्र सावलींतील थंड जागीं साधारण चार आठवडे टिकते. वीज नसली तर एका मातीच्या मडक्यांत ओली वाळू घालून, तींत दुसरें लहान मडकें बसवावें, आणि कुपी कोरड्या पिशवींत घालून त्या आंतल्या मडक्यांत ठेवावी. बाष्पीभवनानें आंत पुष्कळ गारवा राहतो. बर्फाला चिकटून मात्र ती कधींहि ठेवूं नये. एकदां गोठलेलें इन्शुलीन निरुपयोगी होतें. ज्येष्ठ लागण्यापूर्वींच पंधरा दिवसांचें औषध, सुया आणि तपासणीच्या पट्ट्या घरांत भरून ठेवाव्या, जसे आपण पापड-लोणचीं भरून ठेवतों.

पाण्यांतून चालतांना पायाला झालेली जखम हें याच संकटाचें आणखी एक दार. ज्याच्या पायाची संवेदना गेली आहे त्याला खिळा रुतला तरी कळत नाहीं. जीवदानीच्या पायऱ्या अनवाणी चढण्याचा नेम असणाऱ्या मधुमेह्यांनीं निदान मोजे घालावे आणि घरीं आल्यावर तळवे दुसऱ्याकडून पाहून घ्यावे. जखम पिकली कीं साखर चढते, आणि साखर चढली कीं जखम अधिक पिकते.

आतां दुखण्याच्या दिवशीं घरांतील मंडळींनीं पाळावयाचे नेम थोडक्यांत सांगतों. ताप, वांती वा जुलाब सुरू होतांच दर तीन-चार तासांनीं साखर तपासून ती वेळेसह कागदावर लिहावी. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळें पाण्यावर बंधन नसेल, तर साखर न घातलेलें पाणी, पातळ ताक वा मीठ-लिंबाचें पाणी घोट घोट पाजत राहावें. गोळ्यांविषयीं डॉक्टरांना त्याच दिवशीं विचारावें, कारण कांहीं गोळ्या आजारांत थांबवाव्या लागतात. विशेषतः ज्यांच्या नांवाचा शेवट 'ग्लिफ्लोझिन' असा होतो, त्या चालू असतां साखरेचा आंकडा फारसा न वाढतांहि रक्त आम्ल होऊं शकतें. पहिल्या प्रकारच्या रोग्याच्या घरीं किटोन तपासण्याच्या पट्ट्या असाव्या, आणि साखर २५०च्या वर राहिली तर त्या वापराव्या. आंकडा उतरत नाहीं म्हणून घाबरून तासा-तासाला सुईवर सुई टोंचूं नये. त्या साऱ्यांचा परिणाम एकदम होऊन साखर घातक रीतीनें खालीं येते.

आणि थांबावयाचें कोठें? साखर ३०० च्या वर अडून राहिली, वांती थांबत नाहीं, श्वास खोल चालला, तोंडाला वास येऊं लागला, किटोन दिसले, माणूस गुंगूं लागला वा बरळूं लागला, किंवा ग्लूकोमीटरवर आंकड्याऐवजीं 'हाय' हा शब्द उमटला, तर सकाळची वाट पाहूं नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडांत पाणी, साखर वा औषध कांहींहि घालूं नये. त्याला कुशीवर वळवावें. उलटपक्षीं घाम, थरकांप व घाबरेपणा असेल तर साखर फार कमी झालेली असण्याचा संभव असतो. आंकडा ७० च्या खालीं असून रोगी शुद्धीवर असेल तर त्याला तत्काळ साखर द्यावी. दोन्ही अवस्थांत माणूस गोंधळलेलाच दिसतो. म्हणून अंदाज करीत न बसतां थेंबभर रक्त तपासणें हेंच खरें.

कोणी म्हणतील, कारल्याचा रस, मेथ्या, जांभळाच्या बियांचें चूर्ण हीं आपल्याकडे असतां सुयांचा हा खटाटोप कशाला? संस्कृत विद्येंतच ज्यांचें आयुष्य गेलें अशा आमच्यासारख्यांना त्या वनस्पतींविषयीं अनादर असण्याचें कारण नाहीं. आहाराला जोड म्हणून त्या खुशाल घ्याव्या. परंतु ज्याच्या शरीरांत इन्शुलीन नाहीं त्याला तें बाहेरूनच दिलें पाहिजे. १९२२ पूर्वीं जगांतील कोणत्याहि देशांत अशा मुलाला मृत्यूपासून वांचवितां येत नव्हतें. उपासमारीनें त्याचे दिवस थोडे लांबविणें एवढेंच वैद्यांच्या हातीं होतें. कॅनडांतील टोरोंटो येथें बँटिंग, बेस्ट, मॅक्लिऑड आणि कॉलिप यांच्या परिश्रमानें हा रस वेगळा काढला गेला. ११ जानेवारी १९२२ रोजीं लेनर्ड थॉम्पसन नांवाच्या १४ वर्षांच्या मरणोन्मुख मुलाला पहिली सुई टोंचली. तो रस पुरता शुद्ध नसल्यानें गुण येईना. बारा दिवसांनीं शुद्ध केलेला रस दिला, आणि मूल सांवरलें. तो त्यानंतर तेरा वर्षें जगला. संशोधकांनीं पेटंटाचे हक्क विद्यापीठाला नाममात्र एका डॉलरला दिले. प्राणाचें मोल घेणें त्यांना प्रशस्त वाटलें नाहीं. असें जें औषध हातीं आलें, तें शेजाऱ्याच्या सांगण्यावरून फेंकून देणें हा कृतघ्नपणा नव्हे काय?

एकत्र कुटुंबाचे दोष दाखविणारे आज पुष्कळ आहेत. पण या रोगाच्या बाबतींत त्या कुटुंबाचा एक गुण थोर आहे: रात्रीं बारा वाजतां आजोबांचा श्वास बदललेला ऐकणारें कोणीतरी घरांत असतें. त्या ऐकणाराला ऐकलेल्याचा अर्थ कळला पाहिजे, एवढेंच आमचें मागणें. आजच घरांतील दोन माणसांनीं साखर तपासण्याचें यंत्र चालवावयाला शिकून घ्यावें. औषधांची यादी, मात्रा, डॉक्टरांचा व रुग्णवाहिकेचा क्रमांक एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तो पंचांग टांगतों त्याच खिळ्याला टांगावा. पुढच्या पंगतींत आजोबांनीं जिलबी नाकारली तर उत्तमच. पण त्याहून महत्त्वाचें हें कीं, ज्या दिवशीं ते जेवावयाला उठणारच नाहींत, त्या दिवशीं त्यांना कोणीं नुसतें झोपूं देऊं नये.